गोदाकांठचे करकोचे : नांदूर-मधमेश्वर येथील महापक्ष्यांच्या इतिहासाचीं कांहीं साधनें

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा ह्या दोन नद्यांचा जेथें संगम होतो, तेथें नांदूर-मधमेश्वर हें गांव आहे. इ. स. १९०७ ते १९१३ ह्या मुदतींत सरकारनें येथें गोदावरीवर दगडी बंधारा बांधला व त्याच्या पाण्यावर डावा आणि उजवा असे दोन कालवे काढून खालच्या अंगास कोपरगांवाकडील जमिनी भिजविल्या. बंधाऱ्यामागें गाळ सांचला, गाळावर पाणवनस्पति उगवल्या, मध्यें मध्यें बेटें झालीं, आणि त्या उथळ पाण्यावर थंडीच्या दिवसांत हजारों पक्षी उतरूं लागले. १९८६ सालीं महाराष्ट्र सरकारनें हा टापू अभयारण्य म्हणून जाहीर केला. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्यें ह्याच जागेचें नांव दाखल झालें. यादींत नोंदलेलें क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६-१९८७) यांनीं ह्या स्थळास महाराष्ट्राचें भरतपूर म्हटलें, असें तिकडे जो तो सांगतो. ह्या सर्व कथनाचा मथितार्थ असा कीं, येथील पक्षिवैभव बंधाऱ्यानें निर्माण केलें, त्याचें वय फार तर सव्वाशें वर्षांचें आहे, आणि इतिहाससंशोधकास तेथें कांहीं काम नाहीं. आम्हांस हें मत अर्धेंच खरें वाटतें. बदकें, पाणकोंबड्या व वारकरी ह्यांच्यापुरतें तें खरें असेल. करकोच्यापुरतें तें खरें नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. (वारकरी म्हणजे येथें पंढरीचा नव्हे. सर्वांग काळें व कपाळावर पांढरा टिळा अशा एका पाणपक्ष्यास आपल्या लोकांनीं हें नांव दिलें आहे, आणि तें ज्यानें प्रथम दिलें त्याची दृष्टि मोठी मार्मिक असली पाहिजे.)

पुराव्याकडे वळण्यापूर्वीं नांवांचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठींत 'करकोचा' हा शब्द दोन अगदीं भिन्न कुळांतील पक्ष्यांस लावला जातो. एक कुळ क्रौंचांचें, दुसरें बलाकांचें. कांड्या करकोचा हा क्रौंच. पण रंगीत करकोचा, ज्यास हल्लींचे पक्षिलेखक चित्रबलाक म्हणतात, तो बलाक. त्यांत बगळ्याची भर पडली म्हणजे गोंधळ पुरा होतो, कारण तिघेही लांब पायांचे, लांब मानेचे व पाण्याशेजारीं उभे राहणारे. ह्यांना ओळखावें कसें? उडतांना बगळा मान दुमडून खांद्यांत घेतो. क्रौंच व बलाक मान भाल्यासारखी पुढें ताणतात. बलाकास कंठ जवळजवळ नाहींच. तो चोचीचीं दोन दळें आपटून टकटक आवाज करतो. क्रौंचाची श्वासनलिका मात्र लांब असून तिचा वळसा छातीच्या हाडांत शिरलेला असतो, आणि त्यामुळें त्याची हांक फार दूरवर ऐकूं जाते. बलाक झाडावर बसतो व झाडावरच घरटें करतो. आपल्याकडील क्रौंचाचें मागचें बोट आंखूड व वर चढलेलें असल्यामुळें त्यास फांदी धरतां येत नाहीं. तो आपला काळ शेतांत, वाळवंटांत व उथळ पाण्यांत घालवितो.

हा भेद प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतला म्हणून आमच्या वाचकांनीं कंटाळूं नये. जुन्या कागदाची परीक्षा करतांना आपण कागद, वळण व शिक्का पाहतों. पक्ष्याविषयींच्या जुन्या उल्लेखाची परीक्षा करतांना आवाज, जागा व ऋतु ह्या तीन गोष्टी पाहावयाच्या. ज्या उल्लेखांत ह्यांपैकीं एकही नाहीं, तो कितीही जुना असला तरी आम्ही त्यास साधन म्हणणार नाहीं.

नांदूरच्या परिसरांत आज क्रौंचकुळांतील दोन पक्षी थंडींत येतात. एक साधा क्रौंच, ज्यास उत्तरेकडे फारशी शब्दानें कुलंग म्हणत. राखी रंगाचा, माथ्यावर तांबडा डाग असलेला. दुसरा कांड्या करकोचा. पृथ्वीवरील पंधरा जातींच्या क्रौंचांत हा सर्वांत लहान, तरी उभा राहिला तर माणसाच्या कंबरेस लागतो. त्याची मान व छाती काळी, छातीवरचीं काळीं पिसें खालीं लोंबणारीं, आणि डोळ्यामागें पांढऱ्या पिसांचा तुरा. हा मंगोलिया व मध्य आशियांतील गवताळ मैदानांत अंडीं घालतो आणि शरद् ऋतूंत हिमालय ओलांडून राजस्थान, गुजराथ व दख्खन ह्या प्रांतांत उतरतो. राजस्थानांत त्यास कुरजां म्हणतात, व फलोदीजवळच्या खीचन गांवीं लोक त्यास रोज दाणे घालतात. तिसरा आपल्या देशांतला क्रौंच म्हणजे सारस. तो बारमाही येथलाच, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. पण आज महाराष्ट्रांत तो गोंदिया, भंडारा, चंद्रपूर ह्या भाताच्या मुलुखांत थोडका उरला आहे. गोदेच्या ह्या भागांत तो वस्ती करून नाहीं.

आतां साधनें. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडाच्या पंधराव्या सर्गांत राम लक्ष्मणास पंचवटीजवळची गोदावरी दाखवितो. तेथें हंस, कारंडव व चक्रवाक हीं नांवें येतात. ह्या उल्लेखास आम्ही फारसें वजन देत नाहीं. संस्कृत कवि कोणतीही नदी वर्णूं लागला कीं हे पक्षी नेमणुकीच्या शिपायांसारखे हजर होतात. पुढचा, म्हणजे सोळावा सर्ग मात्र निराळ्या जातीचा आहे. हेमंत ऋतु आहे. पहांटे गोदावरीवर स्नानास जातांना लक्ष्मण थंडीचें वर्णन करीत आहे. धुक्यानें झांकलेलीं आणि जव-गव्हांनीं भरलेलीं रानें सूर्य वर येतांच क्रौंच व सारस ह्यांच्या ओरडण्यानें शोभूं लागतात, असें तो एके ठिकाणीं म्हणतो. कांहीं श्लोकांनंतर नद्यांचें वर्णन येतें : पाण्यावर वाफ दाटलेली, वाळूचे कांठ हिमानें भिजलेले, आणि सारस डोळ्यांस दिसत नाहींत, आवाजावरून ओळखून घ्यावे लागतात. पाणपक्षी कांठाशीं बसले आहेत पण पाण्यांत शिरत नाहींत. भित्रीं माणसें रणांत उतरत नाहींत तसे, अशी उपमाही दिली आहे.

येथें आमच्या तिन्ही खुणा एकत्र सांपडतात. ऋतु हिंवाळा, जागा गव्हाचें शेत व वाळूचा कांठ, आणि ओळख आवाजावरून. जो पक्षी धुक्यांत केवळ हांकेनें ओळखूं येतो, तो मुका बलाक असूं शकत नाहीं. बगळाही नव्हे, कारण त्याचा कर्कश 'क्वाक' उडतांना एखादे वेळीं निघतो, त्यानें रानाला शोभा येते असें म्हणण्यास कवीही धजणार नाहीं. शिवाय क्रौंच आणि सारस हीं दोन नांवें येथें शेजारीं शेजारीं व निराळीं आलीं आहेत, म्हणजे कवीच्या मनांत दोन पक्षी आहेत. बालकांडांत निषादानें ज्या क्रौंचमिथुनांतील नर मारला, तो पक्षी सारसच होय असें ज्युलिया लेस्ली ह्यांनीं १९९८ सालीं प्रतिपादिलें आहे. बाहेरून येणारे क्रौंच ह्या देशांत जोडीनें रमून पिलें वाढवीत नाहींत, हें लक्षांत घेतां तें मत आम्हांस मान्य आहे. परंतु बालकांडांतील क्रौंच सारस ठरला म्हणून अरण्यकांडांतीलही सारसच ठरतो असें नव्हे. तेथें सारस वेगळा सांगितला असल्यामुळें उरलेला क्रौंच हा थंडीचा पाहुणाच मानणें अधिक सयुक्तिक आहे.

ह्यावर एक मोठा आक्षेप येतो, व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. हें वर्णन गोदेचें कशावरून? कवि कोसलाकडचा, जव-गव्हांचीं रानें शरयूकांठचींच त्यानें येथें आणून बसविलीं नसतील कशावरून? ह्याच सर्गांत लक्ष्मणास भरताची आठवण होते व तो ह्या थंडींत पहांटे शरयूंत स्नान करीत असेल, असा उद्गार निघतो. शिवाय हंसमुख धीरजलाल सांकळिया यांच्यासारख्या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें रामायणांतील लंका मध्य हिंदुस्थानांतच शोधली. तें मत घेतलें तर पंचवटी नाशिकची, हेंच डळमळूं लागतें. म्हणून आम्ही ह्या वर्णनावरून काल ठरवीत नाहीं व स्थळाचीही हमी घेत नाहीं. ज्यानें तें रचलें त्यानें हिंवाळ्याच्या पहांटे पिकांत उतरलेले क्रौंच स्वतः ऐकले होते, एवढेंच आमचें म्हणणें आहे. क्रौंच, गहूं, वाळू व धुकें ह्या चार गोष्टींचा संबंध त्यानें जो सांगितला आहे, तो आजही निफाडच्या काळ्या रानांत जसाचा तसा दृष्टीस पडतो. निफाडची थंडी महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. पौषांतल्या पहांटे खाणगांव थडीच्या बाजूस आम्ही उभे असतां नदीवर दहा हातांपलीकडचें दिसत नव्हतें आणि करकोच्यांचा थवा डोक्यावरून गेला तो केवळ आवाजानेंच कळला.

शब्दाचा पुरावाही पाहण्यासारखा आहे. अमरकोशांत सारसास पुष्कराह्व असा पर्याय दिला असून क्रुंच् किंवा क्रौंच त्याहून निराळा सांगितला आहे. आणि त्याच वर्गांत कर्करेटु, करेटु हीं आणखी एका पक्ष्याचीं नांवें येतात. संस्कृतचे अर्वाचीन कोशकार ह्या कर्करेटूचा अर्थ कांड्या करकोचा असाच करतात. हिंदींत ह्या पक्ष्यास करकरा म्हणतात. मराठी 'करकोचा' हा ह्या कर्करेटूपासून निघाला, कीं क्रौंचापासून, कीं दोहोंच्या मिश्रणानें बनला, ह्याचा निकाल आम्ही व्युत्पत्तिकारांवर सोपवितों. आमच्यापुरतें इतकें पुरे कीं, ह्या सर्व नांवांच्या मुळाशीं 'कर्र, कर्र' हा आवाज आहे. तो आवाज काढणारा पक्षी ज्या लोकांच्या शेतांत येतो, तेच त्याला असें नांव देतात. पुढें ह्या नांवाचा विस्तार होऊन तें मुक्या बलाकासही चिकटलें, ही भाषेंत नेहमीं घडणारी गोष्ट आहे. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनीं आपल्या 'पक्षीकोशां'त अशा नांवांचा मोठाच संग्रह केला असून, ज्यास ह्या विषयांत पुढें काम करावयाचें आहे त्यानें आरंभ तेथूनच करावा.

गोदाकांठचें दुसरें साधन प्राकृतांतलें आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन हाल राजाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती ही ह्याच नदीच्या खोऱ्यांतली; गोला ह्या नांवानें गोदावरी तींत ठिकठिकाणीं वाहते. तिच्या आरंभींच्या गाथांपैकींच एकींत कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बलाका, पाचूच्या तबकांत ठेवलेल्या शंखाच्या शिंपल्यासारखी शोभते, असें वर्णन आहे. मम्मटानें काव्यप्रकाशांत ही गाथा व्यंजनेचें उदाहरण म्हणून घेतली. पक्षी निर्भय बसला आहे, त्या अर्थीं तेथें माणसाचा वावर नाहीं. त्या अर्थीं हीच संकेताची जागा, असें नायिका सुचविते. साहित्यशास्त्री येथें थांबतात. पक्षी पाहणारास आणखी एक गोष्ट दिसते. कमळाच्या पानावर जो बसतो व शंखासारखा पांढरा दिसतो, तो चार-पांच शेरांचा बलाक नव्हे. ती लहान पांढरी बगळीच. म्हणजे हल्लीं 'बलाक' हें नांव ज्या मोठ्या पक्ष्यांस दिलें जातें, त्यांचा आणि प्राकृत बलाकेचा संबंध नांवापुरताच आहे. करकोच्यासंबंधानें ही गाथा कांहींच सांगत नाहीं. तरी गोदेच्या खोऱ्यांतील माणूस पक्ष्याच्या बसण्यावरून भोंवतालची परिस्थिति ताडीत होता, हें तिच्यांतून उघड होतें.

पुस्तकी पुराव्यानंतर आतां जमिनीचा पुरावा. नांदूरचें जुनें पात्र कसें होतें? बंधाऱ्याचें पाणी सोडलें जातें किंवा आटतें, तेव्हां वरच्या अंगास चांदोरी येथें गोदावरीच्या पात्रांतलीं जुनीं देवळें उघडीं पडतात. नदीच्या ऐन पात्रांत देवळें बांधणारे लोक वेडे नव्हते. पावसाळ्यांत पूर अंगावर घ्यावा व उरलेले आठ महिने वाळवंटांतून चालत जाऊन पूजा करावी, ही आपल्याकडची नेहमींची रीत आहे; पंढरपूरच्या वाळवंटांत ती अजून दिसते. म्हणजे बंधाऱ्यापूर्वीं येथें तळें नव्हतें. हिंवाळ्यांत बारीक धार, दोहों बाजूंस वाळू व गाळाचे उंचवटे, पलीकडे गव्हा-हरभऱ्याचीं काळीं रानें, असा हा देखावा होता. नांदूर येथेंच मृगव्याधेश्वराचें देऊळ असून रामानें मारीचरूपी मृग येथें मारला अशी कथा आहे. तीही रानाची व नदीकांठची आहे, जलाशयाची नाहीं. हा गाळाचा थर किती जुना, ह्याचें एक गमक म्हणजे नांदूरजवळच्या थरांत सांपडलेली प्राचीन हत्तीची अस्थि, जिचें वर्णन पिलग्रिम ह्या भूस्तरशास्त्रज्ञानें १९०५ सालीं, म्हणजे बंधाऱ्याचें काम सुरू होण्यापूर्वीं दोन वर्षें, प्रसिद्ध केलें.

वाळवंट, उथळ धार व रबीचें पीक, हीच करकोच्याची गरज आहे. तो सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं शेतांत दाणे टिपतो, दुपारीं व रात्रीं पाण्याच्या कांठीं किंवा घोट्याइतक्या पाण्यांत उभा राहतो, कारण तेथें कोल्ह्याची चाहूल आधीं लागते. खोल पाण्याचा त्यास उपयोग नाहीं, वेताच्या बेटांचाही नाहीं. १८८३ सालीं छापलेल्या नाशिकच्या गॅझेटियरांत जिल्ह्याच्या पिकांत गव्हाची नोंद आहे, आणि तें पुस्तक बंधाऱ्याच्या आधींचें आहे. मग निष्कर्ष सरळ आहे. बदकें, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, गोगलगाई फोडून खाणारा उघडचोच बलाक, हीं सर्व बंधाऱ्याचीं लेंकरें होत. करकोचा मात्र नदीचा व शेताचा जुना हक्कदार आहे. बंधारा त्याच्या वतनांत मागाहून आला.

भरतपूरशीं तुलना केली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथील केवलादेव हेंही मनुष्यनिर्मित तळेंच. जाट राजांनीं बांध घालून तो सखल भाग भरविला आणि पुढें संस्थानिकांनीं तेथें शिकारीचा थाट मांडला. १९३८ सालीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या स्वारींत एका दिवसांत चार हजारांवर पक्षी मारले गेले, ही नोंद तेथें दगडावर कोरलेली आहे. पांढरा सैबेरियन क्रौंच तेथें शेवटचा दिसला तो २००२ सालीं. नांदूरच्या नशिबीं असा दगड आला नाहीं, हें पक्ष्यांचें भाग्य. पण त्यामुळें सनावळीची नोंदही राहिली नाहीं, हें संशोधकाचें दुर्दैव. बादशहा जहांगिरानें आपल्या आत्मवृत्तांत लैला व मजनू नांवाच्या सारसांच्या जोडीचा वृत्तांत गुजराथेंतील मुक्कामांत १६१८ च्या सुमारास टिपून ठेवला : अंडीं केव्हां घातलीं, नरमादींनीं तीं कसकशीं आळीपाळीनें उबविलीं, पिलें केव्हां निघालीं. चारशें वर्षांनंतर त्यांतील एकेक ओळ तपासून पाहतां येते. आमच्या दप्तरांतून शिकारखान्याचे खर्च सांपडतात, पक्षी सांपडत नाहीं.

सध्यांची स्थिति दोन शब्दांत सांगितली पाहिजे, कारण वरील भेदास व्यवहारांत किंमत आहे. नाशिक शहराचें सांडपाणी खालीं येतें व पाणवेली पात्र भरून टाकते. गाळ वाढला, आणि ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ च्या पुरांत सायखेडा व चांदोरी हीं गांवें पाण्याखालीं गेलीं. बंधाऱ्याचा फुगवटाच आम्हांस बुडवितो, गाळ काढा, असें तेथील लोक म्हणतात. गाळ व बेटें हींच पक्ष्यांचीं घरें, तीं मोडूं नका, असें पक्षिमित्र म्हणतात. दोघांचेंही खरें आहे, पण दोघेही जलाशयाकडेच पाहतात. करकोच्याचा प्रश्न जलाशयांत नाहीं. निफाड तालुका आज द्राक्षांचा तालुका झाला आहे. लासलगांवच्या बाजारामुळें कांदाही पसरला. द्राक्षाच्या मांडवाखालीं करकोचा उतरूं शकत नाहीं, त्यास मोकळें रान व धान्याचा दाणा लागतो. गाळ राहिला किंवा निघाला, तरी गव्हा-हरभऱ्याचें रान आटत गेलें तर बदकें येतील आणि करकोचे दुसरीकडे जातील. अभयारण्याची हद्द १०० चौरस किलोमीटर असून तींत शेतेंही येतात, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. ह्या शेतांकडे केवळ जलाशयाचा परिघ म्हणून पाहिलें जातें, तें आम्हांस बरोबर वाटत नाहीं.

निफाड, येवलें व कोपरगांव ह्या भागांतील जुन्या घराण्यांत राखणदारीचे करार, पीक खाल्ल्याबद्दल सुटीचे अर्ज, पांखरें हांकणाऱ्या बलुत्याच्या वा गड्याच्या मजुरीचे टिपण असे कागद असण्याचा पुष्कळ संभव आहे. अशा कागदांत पक्ष्याचें नांव व महिना दोन्ही असतील तर तो कागद, मग तो कितीही क्षुल्लक दिसो, ह्या विषयास अत्यंत उपयोगी आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे धाडावी. ती पोंच देऊन पुढील अंकांत छापण्याची तजवीज करूं.